रक्त चांगलं आलं तेव्हा
आज सकाळी शुगरसाठी रक्त काढलं आणि हाताला लागलेला स्पिरिटचा वास दुपारपर्यंत गेला नाही; त्या वासानं जुनं आठवलं. तुमचे बाबा पाळण्यात होते तेव्हाची गोष्ट. पारनेरला आमच्याकडे दूध घालणाऱ्या बाईंच्या लेकीला ट्रकवरच्या नवऱ्याकडून गरमी, म्हणजे सिफिलिस, झाली होती. पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनंतर पुन्हा काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट आणायला मी तिच्याबरोबर नगरच्या दवाखान्यात गेले, कारण डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या आणि त्यांचं मराठी कच्चं; मला त्यांचं इंग्रजी कळायचं. बाकावर बसून आमच्या पाठीला भिंतीचा चुना लागला, डोकी उन्हानं जड झाली. अखेर रक्त चांगलं आल्याचं मी तिला सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. "बाई, आईला थोडं ऱ्हायलंय म्हना ना. बरी झाले म्हनलं की उद्याच सासरी धाडंल. त्येंनी सुई घेतलीच न्हाई." मी पुन्हा आत जाऊन विचारलं. नवरा औषध घेत नाही तोवर पाठवू नका, आणि दिवाळीनंतर परत तपासा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी मी तिच्या आईला तेच सांगितलं. शेणाचे हात तसेच धरून ती उभी राहिली. "जावयाला कोन सांगनार, बाई?" मग लेकीकडे न बघताच म्हणाली, "दिवाळीनंतर परत तपासायचंय व्हय? मंग ऱ्हा तवर. चल, म्हशीला वैरन टाक." दिवाळीआधीच आमची बदली झाली. ती पुढची तपासणी झाली का, हे विचारायला आता तिथं माझ्या ओळखीचं कुणी उरलेलं नाही.