चष्मेवाला बेडूक

कळंबच्या आमच्या शेजाऱ्याला 'चहा झाला का' एवढं विचारलंत, तरी गाडी मोबाइलवरच्या खेळांवर येते. तो लहान मुलांसाठी तेच बनवतो, आणि त्याचा खेळ सगळ्यांना खेळता आलाच पाहिजे हा त्याचा हट्ट. 'मुलं' म्हणत नाही, 'प्रत्येक मूल' म्हणतो. त्याच्या खेळातल्या एका पोराला कुबडी आहे, एकीला श्रवणयंत्र, आणि बेडकालासुद्धा चष्मा. पोरांना तो सारखं विचारतो, "कसं वाटलं?" आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतो.

परवा त्याने वाडीवरच्या एका मुलीला ओट्यावर बसवलं. तिला दिसत नाही. नवा खेळ आवाजाचा होता. टॅबच्या ज्या बाजूला बेडूक ओरडेल, तिथे बोट ठेवायचं; बरोबर लागलं की घंटी वाजायची. बरोबरीचा सामना हवा म्हणून यानेही डोळ्यांवर पंचा बांधला आणि सपाटून हरू लागला. चिडला, बेडकाच्या आवाजालाच नावं ठेवली. मग पंचा हळूच वर सरकला आणि साहेब धडाधड जिंकायला लागले.

मुलगी थांबली. "काका, तुमी बघताय."

"छे गं! कशावरून?"

"मगाशी एक बेडूक गावत नव्हता, आता एक सुटत नाय. परत तुमच्यावर राज्य."

आता हा भाषण देणार, असं मला वाटलं. पण त्याने पंचा सोडून तिच्या हातात दिला. तिने तो त्याच्या डोळ्यांवर बांधला, गाठ ओढून पाहिली आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

उत्तराची वाट न बघता तिने खेळ सुरू केला.