एका रविवारचे दोन दिवस

वसईत माणिकपूरच्या चर्चमागे राहणारे एक निवृत्त लष्करी कारकून, ज्यांना सगळे अंकल म्हणत, त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी. नव्वदच्या दशकात ते भेटले नसते, तर माझ्या हातून एक निरपराध माणूस आत गेला असता.

मी नववीत शाळा सोडून लातूरकडून पोलिसात भरती झालेला. शिपायाचा सहायक फौजदार झालो, तरी आकड्यांचा कागद समोर आला की धडधडायचे.

एव्हरशाईन सिटीत एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास बंद फ्लॅट फुटला. दागिने गेले. खबऱ्या म्हणाला, "साहेब, मनवेलपाड्याचा तो वेल्डर बघा. त्या फ्लॅटची ग्रिल त्यानेच बसवलीय. आठवडाभर वेल्डिंग, आणि रविवारी फौजी ड्रेस! नकली फौजी आहे." आम्ही त्याला चाळीतून सगळ्यांसमोर उचलले.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "मी प्रादेशिक सेनेत आहे साहेब. पोटासाठी वेल्डिंग, सुट्टीला ट्रेनिंग. त्या दिवशी मुंबईला युनिटमध्येच होतो." त्याने पगाराचा कागद दिला. त्या रविवारच्या एकाच तारखेपुढे दोन दिवसांचा पगार लावलेला!

"एका रविवारचे दोन दिवस? कागद तरी नीट बनवायचास," जबाब लिहून घेणारा माझा रायटर हसला.

"तसंच लावतात साहेब. का, ते मला नाही सांगता येत."

बनावट कागदाचे कलमही लावायचे ठरले. पण बनावट कागद करणारा इतकी ढोबळ चूक करील? वरिष्ठांना विचारले तर अडाणी ठरेन, या भीतीने मी अंकलकडे गेलो.

"आधी पानी पी," ते म्हणाले. चष्मा लावून कागद पाहिला. "यात खोटं काय? यांचा पगार तारखेवर नाय, ट्रेनिंगच्या तासांवर. चार तास भरले की एक दिवस. हुद्द्याचा एका दिवसाचा पगार काढायचा, तितक्या दिवसांनी गुणायचा. सकाळी चार तास, जेवून चार. झाले दोन."

"आणि दुपारी निघून गेला असता तर?"

"मग एकच लागला असता."

म्हणजे दुपारी तीनला तो वसईत नव्हता, हे त्याच कागदावर होते. युनिटच्या हजेरीपटाने दुजोरा दिला. पुढे माल खबऱ्याच्या मेहुण्याकडे सापडला.

जो कागद मला कळत नाही तो खोटाच, असे मी धरून चाललो होतो. त्यानंतर न समजलेला कागद विचारायला मी लाजलो नाही.

मिठाई घेऊन गेलो तेव्हा अंकल म्हणाले, "मला कशाला? ज्याला चाळीसमोरून नेलास, त्याच चाळीसमोर जाऊन सांग, चूक माझी होती." सुटका झाली तेव्हा मी त्याला जीपने नाक्यापर्यंतच सोडले होते. पुढे तो एकटाच चालत गेला होता.

अंकल आजही भेटले की एवढेच विचारतात, "जाऊन आलास?" अजून गेलेलो नाही. पण एक दिवस त्या चाळीच्या मधोमध उभा राहून मी ते सांगेन, आणि तिथून थेट माणिकपूरला येऊन अंकलना हो म्हणेन.