मशीन बरोबर होतं

आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिच्या पलंगाशी एक वही असते. घरात आम्ही दोघंच. सकाळी आठ आणि संध्याकाळी सात वाजताचं बीपी, साखर, गोळ्या, किती पाणी प्यायली, सगळं मी लिहितो. चौदा महिन्यांत एकही रकाना रिकामा नाही. देवळाली कॅम्पला राहणारी धाकटी बहीण सारखी म्हणायची, "दादा, आठवड्यातले दोन दिवस मी येते, तू जरा मोकळा हो." तिला गोळ्यांच्या वेळा सांभाळता येणार नाहीत असं वाटून मी टाळायचो.

एका सकाळी आईचं बीपी एकशे पन्नास आलं. एरवी एकशे तीसच्या आसपास असतं. ताडून पाहायला पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे शहाऐंशी, खालचं एकशे बारा. पाच मिनिटं थांबून परत मोजलं, एकशे अठ्ठ्याऐंशी. मला काही झालेलं नाही याची इतकी खात्री होती, की वहीत 'मशीन नादुरुस्त' असं लिहून ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये घेऊन गेलो.

दुकानदाराने आधी आमच्या मशीनवर स्वतःचं मोजलं, एकशे चोवीस. मग नव्या मशीनवर माझं, एकशे नव्वद.

"काका, मशीन चांगलंय. दुरुस्तीला तुम्हीच आलाय. झोप किती होते?"

आईची झोप विचारली असती तर तासांत सांगितली असती. माझी सांगता येईना.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला गोळी सुरू केली आणि आईला एकट्याने उचलायला मनाई केली. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिचे शब्द अजून अडखळत येतात.

"बोलव... तिला. तू पडलास तर... मला ओरडणार कोण?"

पहिल्या मंगळवारी बहीण आली आणि पावणेआठला मी फिरायला बाहेर पडलो. तास होतो न होतो तोच एका बाकावर बसून घरी फोन लावला.

"आठची गोळी?"

"आठ चाळीसला दिली. अंघोळ चालू होती."

"चाळीस मिनिटं उशीर?"

"हो. आणि आई मजेत आहे, शिरा मागतेय. ठेव फोन. तासभर तोंड दाखवू नकोस."

शिऱ्यात साखर किती घालणार, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. उठलो आणि नदीच्या दिशेने चालू लागलो.