रूबेनला परत कोणी पाठवलं

साठच्या दशकात माझं पोस्टिंग इस्रायलमध्ये, अरावाच्या खोऱ्यात होतं. अलिबागहून आईवडिलांबरोबर तिकडे गेले आणि लष्करात भरती झाले. शिक्षण चौथीपर्यंत, तरी सिग्नल्समध्ये घेतलं. इथे लंडनमध्ये लोक विचारतात, वाळवंटात माणूस बुडतो कसा? म्हणून लिहिते.

तिथे जमीन दोन भेगांच्या मध्ये खाली खचली आहे. दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, मध्ये सपाट तळ, काही ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली. तळावर पाऊस जवळजवळ नाहीच. उन्हात ट्रकच्या दाराला हात लावला तर पोळतो. पण हिवाळ्याच्या तोंडाशी दूर डोंगरात एखादी जोराची सर येते. खडकात पाणी मुरत नाही. सगळं कोरड्या ओढ्यांतून धडाडत खाली येतं आणि तेव्हा आपल्या डोक्यावर आकाश निळं असतं. ओढ्यात थांबायचं नाही, ही स्टँडिंग ऑर्डर. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगतात.

आमच्या लेफ्टनंटने ट्रक ओढ्यातच लावायला सांगितला. बाभळी तिथेच, म्हणून सावलीही तिथेच.

मी वर काठावर वायरलेसपाशी होते. ड्रायव्हर रूबेन आमच्याच कोकणातला, माझ्यासारखाच बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू.

"काय गं मेरी, तुझा डबा आज तरी बोलतोय का?"

"तुझ्यापेक्षा कामाचं बोलतो. जा, पेट्या भर."

दुपारी डोंगरावरच्या पोस्टचा आवाज आला. "इथे जोराचा पाऊस. ओढे रिकामे करा. ओव्हर."

मी धावत जाऊन लेफ्टनंटला सांगितलं. त्याने वर बघितलं.

"कुठे आहे पाऊस?"

"डोंगरात, सर."

"आधी सामान भरून होऊ दे."

रूबेन म्हणाला, "सर, ट्रक आधी वर घेतो. पेट्या मागून आणू."

"तुला विचारलं नाही."

पेट्या भरणं चालू राहिलं. मग वरच्या वळणापलीकडून दगड घरंगळल्याचा आवाज आला. सगळे काठावर पळाले. रूबेनही आला, माझ्या शेजारी उभा होता. लेफ्टनंट ओरडला, "ड्रायव्हर, ट्रक काढ."

रूबेन खाली उतरला. इंजिन सुरू झालेलं मी ऐकलं. मग तपकिरी पाणी आलं, झाडंझुडपं घेऊन. ट्रक आडवा झाला. रूबेन दुसऱ्या दिवशी खाली खारट चिखलात सापडला.

चौकशीत लेफ्टनंटने सांगितलं, ड्रायव्हर आपणहून गेला. मी बोलायला लागले तर चौकशी करणारे अधिकारी म्हणाले, तुम्ही वायरलेसपुरतं बोला. पाणी आपल्या वाटेने आलं. खोटं या माणसाने रचलं, आणि त्याला बढती मिळाली. तो राग अजून तसाच आहे.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी लंडनला आले. रूबेनची आई, सारामावशी, लंडनमध्येच स्टॅनमोरला मुलीकडे राहत होती. मी भेटायला गेले.

"हट्टी होता मेला," ती म्हणाली. "कोणाचं ऐकायचा नाही. एका ट्रकसाठी जीव घालवला."

"तो काठावर आला होता, मावशी. त्याला परत पाठवलं."

"कोणी?"

मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा वदवून घेतलं.

"इतकी वर्षं मी पोरालाच शिव्या देत बसले," ती म्हणाली.

आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, वर्षातून एकदा गेलेल्या जवानांची नावं वाचतात. मावशी कधी येत नसे. त्या वर्षी आली. रूबेनचं नाव वाचल्यावर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, "तो आपणहून गेला नव्हता. त्याला पाठवलं होतं."

आता मावशी नाही. दरवर्षी मी उभी राहते.