चपट्या पडद्याचा उशीर

सांगलीतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात चंदनबालेला सगळे ‘चौकटवाल्या ताई’ म्हणत. पेशंटच्या डोक्यामागे तारा चिकटवायच्या, समोरच्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी उलटसुलट करायच्या आणि दिसलेलं मेंदूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते यंत्राकडून मोजून घ्यायचं, हे तिचं काम. निरोगी माणसाच्या मेंदूची लाट आलेखावर कधी उठते याचा भिंतीवरचा तक्ता तिचाच. त्यासाठी तिने सासर-माहेरची माणसं लग्नाला बोलवावीत तशी गोळा केली होती, आणि जैनांचं घर म्हणून दिवस मावळायच्या आत जेवायला घरीही पाठवली होती.

यंदा जुना खोक्यासारखा मॉनिटर अडगळीत गेला, चपटा नवा आला. चंदनबालेने त्याला कुंकू लावलं, हार घातला. तक्ता मात्र जुनाच ठेवला.

त्या आठवड्यात कराडकडचे हंबीरराव आले. फौजेतले निवृत्त ड्रायव्हर. ट्रॅक्टर चरीत गेला म्हणून बायकोने, शालूबाईंनी, धरून आणलेले. दोन्ही डोळ्यांची लाट उशिरा उठली. डॉक्टर अंजनाबाई म्हणाल्या, “मेंदूचा फोटो काढू. तोवर ट्रॅक्टर बंद.”

“आवं, कारखाना सुरू झालाय! ऊस काय डोक्यावरनं न्हेऊ?”

“मी म्हनतच हुते,” शालूबाई म्हणाल्या. “हाक मारली तरी ह्यास्नी उशिराच पोचती.”

हंबीरराव भडकले. “ताई, हिची बी मोजा! शेजारणीच्या ताटातली भाजी ही कुंपणावरनं वळखती.”

शालूबाई डोक्यावरचा पदर मागे घेऊन ऐटीत बसल्या. त्यांचीही लाट तेवढीच उशिरा आली.

“म्हंजे तुमी मला बी लावलं व्हय ह्ये दुखणं?” त्या नवऱ्यावर उखडल्या.

चंदनबालेला हसू आलं, आणि लगेच शंकाही. तिने तारा स्वतःच्या डोक्याला लावून घेतल्या. तिचीही लाट उशिराच.

अंजनाबाई आलेख बघत राहिल्या. “तिघं एकदम, एकाच मापाने आजारी? मग दुखणं कुणा चौथ्याचं आहे.”

सगळ्यांनी हार घातलेल्या पडद्याकडे पाहिलं.

दोन वॉर्डबॉयांनी कुंथत जुना मॉनिटर वर आणला. त्यावर तिघांच्याही लाटा वेळेवर उठल्या. चपटा पडदा हुकूम मिळाल्यावर चित्र दाखवायला जरा वेळ घेत होता, आणि यंत्र तो वेळ पेशंटच्या नावावर घालत होतं.

“ह्यो तर नवा रंगरूट!” हंबीरराव म्हणाले. “शिट्टी वाजल्यावर बूट शोधतोय.”

“चूक माझी,” चंदनबाला म्हणाली. “पडदा बदलला तेव्हाच तक्ताही नवा करायला हवा होता.” नव्या पडद्यावर तपासलेल्या पेशंटना परत बोलवायला तिने फोन उचललाही.

हंबीरराव खोलीबाहेर पोचले होते. तिथूनच ते गड्याला फोनवर सांगताना ऐकू आले, “बाळासो, ट्रॅक्टरमदी डिझेल भर. मी येतोय!”

शालूबाई मात्र खुर्चीतून हलेनात. “ताई, नव्या तक्त्याला निरोगी मानसं लागतील न्हवं? पयलं नाव माझं घाला. ह्यांचं ऱ्हाऊ द्या. चर कशी दिसली न्हाई, ते अजून मला कुठं सांगितलंय त्यांनी!”