खोडलेली जत्रा

लुइझियानातल्या गावोगावच्या केजन आणि झायडेको संगीताच्या जत्रांची यादी दर वसंतात आमच्या फ्रीजवर लागायची. डांबरावर नाचून गुडघे दुखतात, म्हणून हे पेन्सिलीने भराभर नावं खोडायचे. लाकडी फळ्या टाकलेल्या जत्रा तेवढ्या उरायच्या. हे गेल्यावर यंदा मी मुद्दाम खोडलेल्यातली एक निवडली. तिथे ह्यांची चौकशी करणारं कुणी भेटणार नव्हतं.

अकॉर्डियन सुरू झालं आणि एका अनोळखी म्हाताऱ्याने हात पुढे केला. इथे असा हात नाकारत नाहीत. जागा नवी निवडता येते, पावलं कुठून आणायची? तीही ह्यांनीच शिकवलेली.

गाणं संपल्यावर त्याने विचारलं, "एकट्याच आलात?"

"नाही," मी म्हटलं, "हे गाडी लावायला गेलेत."