भाभीचा रोग आन माझी छाती

शमीम भाभीला माणसाचं तोंड आधी दिसायचंच न्हाय, हात दिसायचा. कुणीबी समोर आलं की तिची नजर मनगटावर. पहिल्यांदा ती माझ्या जीपमधी बसली तवा मी गिअरवर हात ठेवला व्हता. ती म्हनली, "ह्यो हात न्हाय भाऊ, उशी हाय. ह्या मापाची बांगडी हैदराबादेतबी मिळायची न्हाय." गाडीतली सगळी माणसं हसली. सगळ्यात जास्ती मीच हसलो. पाटीवर श्री गिरवता गिरवता शाळेतून पळून आलेला माणूस मी, लोकांना हसवायचं सोडून मला दुसरं येतंय काय?

भाभी बेंबळीची मनेर. मनेर म्हंजे बांगड्या भरणारे लोक. तिचा नवरा इस्माईलभाई बाजारात दुकान लावायचा, आन भाभी पेटी घिऊन गावोगाव. कधी माकणी, कधी तामलवाडी. लग्नाचा चुडा म्हनलं की तीच. पोरीचा पंजा ती कणकीवानी मळायची, अंगठा आत दुमडायची, आन तोंडानं बोलणं चालूच, "हात ढिल्ला छोड माय. तू घट्ट केलीस की बांगडी रुसती." पोरगी बोलण्यात गुतायची, तवर बांगडी मनगटात. एखादी फुटलीच तर फुटली म्हणायची न्हाय, वाढली म्हणायची. आन जीपच्या थांब्यावर कुणी गडी दुसऱ्याला म्हनला, "हातात बांगड्या भरल्यात का रे," की भाभी पेटी खाली ठिऊन त्याच्या म्होरं जायची. "ये, भरून बघ. एक चढंपातूर वरडला न्हाईस तर खानदानी." गडी चहा प्यायला निघून जायचा.

तर अशा बाईचे हात बिघडले.

झालं असं. अडतिशी लागायच्या आत तिची पिशवी काढली. आमच्याकडं बायांची पिशवी काढायची म्हंजे दाढ काढल्यावानी झालंय. पोटात दुखायलंय, काढा. अंगावर जायलंय, काढा. डॉक्टरनं सांगितलं, ठेवली तर कॅन्सर हुईल. काढली. आन मग वरीसभरात भाभीला वाफा सुरू झाल्या. माघातल्या थंडीत बाई पदरानं वारा घ्यायली. रातची झोप गेली, बोटांची पेरं दुखायली, छातीत धडधड, तळहाताला घाम. घामाच्या हातातून बांगडी निसटती, दुखऱ्या बोटाला जोर कळत न्हाय. एका नवरीच्या हातात काच घुसली. चुड्याला रगात लागलं. झालं! गावोगाव बातमी गेली. ज्या बाया वाट बघायच्या त्या म्हणायल्या, "आज नगं भाभी, म्होरच्या बाजारी बघू."

तामलवाडीच्या एका मास्तरीणबाईनं बांगड्या भरता भरता भाभीला सांगितलं, माझ्या भनीचंबी आपरेशन झालंय, तिला पुण्याच्या डॉक्टरनं हार्मोनची गोळी दिली, आता ती गडद झोपती. भाभीनं तेवढं एक धरलं. मला म्हनली, "किसनभाऊ, काढ गाडी. ती गोळी लिहून देणारा डॉक्टर बघायचा."

इस्माईलभाई सुई बघितली की चक्कर यिऊन पडायचा. त्यामुळं संगं कोण? मी. आता दवाखान्यात काय रीत हाय बघा. दुखतंय बाईला, पण डॉक्टर विचारणार बाप्याला. पहिल्या डॉक्टरनं माझ्याकडं बघून विचारलं, "काय होतंय यांना?"

मी म्हनलं, "साहेब, मला काय म्हाईत, मी जीपवाला."

भाभीनं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हनले, "वयानं होतं असं."

"अडतीसच झालेत की साहेब."

"मग टेन्शन असेल. घरात कुणी त्रास देतं का?" आन माझ्याकडं असं बघितलं की मलाच वाटलं, मीच देतो. मी मान खाली घातली. भाभी भाईर यिऊन म्हनली, "तू कायकू मान घातलास रे? आता त्येला खरंच वाटलं की."

दुसरा डॉक्टर, ज्यानं पिशवी काढली त्योच. गोळीचं नाव काढल्याबरूबर त्यो खुर्चीत सरळ झाला. "हार्मोन? छे छे, कॅन्सर होईल."

भाभी म्हनली, "साहेब, पिशवी ठिवली तर कॅन्सर हुईल म्हनून काढली. आता गोळी घेतली तर कॅन्सर हुईल. मग माझ्या पिशवीसंगं गेलं काय?" डॉक्टरनं कॅल्शियम लिहून दिलं.

तिसरा सोलापूरचा, लई मोठा. एसी असा की मलाच हुडहुडी भरली आन भाभी तिथंबी घामानं भिजली. त्यो म्हनला, "मुलंबाळं झालीत ना? मग आता हार्मोन कशाला हवेत? ही औषधं शहरातल्या बायकांची. तुम्ही कष्टाची माणसं, तुम्हाला सोसतं."

येताना तामलवाडीच्या फाट्यावर भाभी म्हनली, "सोसतंय म्हणं. बैलाला विचारून नांगराला जुपतेत का, तसं झालं."

गाडीवरची पाटी मी बदलून धाराशिव केली, तरी पॅसेंजर उस्मानाबादच म्हणतेत. पण कुठल्याबी नावानं हाका मारा, त्या गावात गोळी लिहिणारा काय घावंना. आन त्यात आमच्या घरात माझ्या पोरीचं, सुरेखाचं, लगीन ठरलं. मंडळी मला म्हनली, "चुड्याला भाभीला सांगू नका. पोरीच्या हातात काच गेली तर? अपशकुन नगं." मी घरात नुसता हूं म्हनलो. घरात माझं राज्य हूं म्हणण्यापुरतंच हाय. पण भाभीला ह्ये कुणीतरी सांगितलं. सुरेखाचा हात तिनं पाळण्यातल्या काळ्या बांगडीपासून भरलेला. ती एवढंच म्हनली, "लग्नाला टाइम हाय ना अजून? मग एक डॉक्टर अजून बघू. ह्या बारीला तूच बोल. तेंना बाप्याचंच ऐकू येतंय."

वाटंनं तिनं माझ्याकडनं सगळं घोकून घेतलं. वाफा, घाम, धडधड, झोप न्हाय. शाळेत जमलं न्हाय ते मी पाठ केलं. पण सरकारी दवाखान्यात आत गेल्याबरूबर माझी पाचावर धारण बसली. मला डॉक्टरची पैल्यापासून भीती. त्यात उन्हाळा, त्यात माझं हे शरीर, आन गालात तंबाखूची गोळी, ती डॉक्टर दिसल्यावर गिळलेली. मी दरदरून घामाघूम. डॉक्टर म्हनले, "काय होतंय?"

मी म्हनलं, "घाम यायलाय. धडधड व्हायलीय. झोप न्हाय. अंगात वाफा."

डॉक्टर उठलेच. "कधीपासून?"

"पिशवी काढल्यापासून" म्हणायला मी तोंड उघडलं, तवर त्येंनी मला पलंगावर आडवं केलं. "बोलू नका! अजिबात बोलू नका!" दोघी नर्सा धावत आल्या, सदरा वर केला, छातीला थंडगार चिमटे लावले. भाभी मधी आली, "अवो साहेब, त्येला न्हाय, मला होतंय!"

डॉक्टर म्हनले, "बाई, तुम्ही घाबरू नका. बाहेर थांबा."

जे दुखणं ती किती महिन्यांपासून सांगायली, ते माझ्या तोंडून निघाल्याबरूबर खरं झालं. मी बिनरोगाचा पलंगावर वायरी लावून, आन जिचा रोग ती भाईर बाकड्यावर.

थोड्या येळानं एक लहानशी डॉक्टरीण कागदाची पट्टी बघायला आली. नवीनच शिकून आलेली. ती म्हनली, "काका, तुमचं हृदय तर छान आहे." मी म्हनलं, "म्याडम, ते माझंच हाय, पण बाकीचं सगळं माझं न्हाय. भाईर पेटी घिऊन बसलीय तिचं हाय." आन सगळं सांगितलं. ती हसाय लागली. हसता हसता मधीच गप झाली, आन भाईर जाऊन भाभीच्या शेजारी त्या बाकड्यावरच बसली. मी पलंगावरून बघत व्हतो. तिनं भाभीलाच विचारलं. भाभीकडं बघून. मधी एकदा नाडी बघायला हात धरला, तर भाभीनं सवयीनं तिचाच पंजा दाबून बघितला आन म्हनली, "सव्वादोनचं माप हाय तुमचं."

म्याडमनं जुने कागद बघितले, तपासण्या केल्या. मग समजावून सांगितलं, "पिशवीबरोबर अंडाशयंही काढलीत. तिथं जे तयार व्हायचं ते अंगात एकदम बंद झालं. या वयात ते बाहेरून द्यायला हवं. अधूनमधून तपासत राहू." आन गोळी लिहिली. भाभी त्यो कागद धरून बसली, रडली न्हाय. मला म्हनली, "घे! माझ्या रोगावर तुझा इलाज झाला."

हळूहळू वाफा कमी झाल्या. भाभी जीपमधी डुलक्या काढायली. चुड्याच्या दिवशी मी मंडळीला न सांगता तिला मांडवात आणलं. मंडळीचं तोंड वाकडं. भाभीनं पेटी उघडली आन म्हनली, "सुरेखाच्या आधी तिच्या बापाचा हात द्या. ह्या उशीत बांगडी न फुटता चढली तर म्होरं बघू. न्हाय चढली तर मी पेटी उचलती."

भर मांडवात! पेटीतली सगळ्यात मोठी हिरवी बांगडी तिनं काढली. माझा पंजा धरला. तिचा हात कोरडा व्हता. मी दात खाऊन बसलेलो, ती हळूच म्हनली, "हात ढिल्ला छोड भाऊ. दवाखान्यात पलंगावर सोडला व्हतास तसा." मला हसू आलं, आन तेवढ्यात कडाक करून हाडाचा आवाज झाला. बांगडीचा न्हाय. बांगडी मनगटात.

मंडळी उठली, सुरेखाला म्होरं बसवलं. चुडा भरून झाल्यावर भरणारणीला हात जोडायची रीत हाय. पोरीनं जोडले. तिच्या मागं मंडळीनं वाकून जोडले. भाभी म्हनली, "बस कर माय. इलाजाला झोपला ह्यो, त्येला जोड." कुणी जोडले न्हाईत.

ती डॉक्टरीण वरसानं बदलून गेली. नवीन आले ते गोळी बघून म्हनले, "हे काय घेताय? बंद करा, कॅन्सर होईल." परत काढ गाडी. तेवढ्यात इस्माईलभाईचं दुकान बसलं आन ती दोघं ल्योकाकडं जहिराबादला गेली. जाताना भाभी माझ्या जीपनंच गेली, पेटी मांडीवर घिऊन.

परवा तिचा फोन आला. मी म्हनलं, "भाभी, घावला का तिथं डॉक्टर?"

"बघायली रे. लई मोठमोठे दवाखाने हायत इथं. ल्योक संगं येतो, पण त्यो शिकलेला हाय. डॉक्टरम्होरं टेचात बसतो, त्येला घामच येत न्हाय."

मी बघितलं तर नुसतं दवाखान्याचं नाव ऐकून माझ्या मनगटावरची ती हिरवी बांगडी घामानं चिकटली व्हती. उतरत तर न्हाईच ती. मी म्हनलं, "भाभी, पत्ता सांगा. उद्या गाडी काढतो."